घड्याळवाल्या काकांना, एका मिनीच्या वतीने

आदरणीय काका,
स. न.

मार्चमध्ये टिळक रस्त्यावरच्या तुमच्या जिन्याखालच्या दुकानात मी आले होते, ‘चांगला चिमटा कुठे मिळेल?’ एवढंच विचारायला. एक वाजायला पाच मिनिटं कमी होती, म्हणजे पुण्यात दुकानदाराला काही विचारायची वेळच नव्हे. तुम्ही डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलंत, ‘कशाला हवाय?’ मी म्हटलं, गाडीच्या दाराची मूठ चिकटवायचीय. तेव्हा मात्र भिंग काढून वर बघितलंत.

गाडी म्हणजे तामिया या जपानी कंपनीचं, सुटे भाग जोडून करायचं, १/२४ मापाचं मिनी कूपरचं प्लॅस्टिक मॉडेल. खरी मिनी जेमतेम तीन मीटरची, त्यामुळे माझी तेरा सेंटिमीटरही भरत नाही. आणि दाराची मूठ आंबेमोहोराच्या दाण्याएवढी, वर क्रोमचा मुलामा. दोन मुठींपैकी एक आदल्याच रात्री चिमट्यातून टण्णकन उडाली होती. सतरंजी झटकली, केरसुणीने कोपरे काढले, शेवटी ती माझ्याच केसांत सापडली.

दिव्यांची गत त्याहून वाईट. पुढच्या दिव्यांच्या काचा मी सुपरग्लूने बसवल्या आणि सकाळी बघते तर दोन्हींना मोतीबिंदू! हे सांगितल्यावर तुम्ही हसलात. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून पांढरी पडते, म्हणून घड्याळाच्या काचेला तुम्ही तो लावतच नाही म्हणालात. साधा फेविकॉल लावा, वाळला की दिसत नाही, चुकलं तर ओल्या कापडाने पुसता येतो. (१९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनीच होत्या आणि दिव्यांच्या नियमावरून तिन्ही बाद झाल्या. या गाडीला दिवे लाभत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

पण पत्र लिहायचं खरं कारण फेविकॉल नाही. मी म्हटलं होतं, ‘काका, माझा हातच थरथरतो, हे माझं काम नव्हे.’ त्यावर तुम्ही चिमट्यात एक स्क्रू धरून हात हवेत समोर केलात. तुमचाही थरथरत होता! मग तळहाताची कड टेबलावर टेकवलीत, दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना भिडवल्यात, अर्धा श्वास सोडलात आणि स्क्रू जागेवर. ‘हात सगळ्यांचाच हलतो. त्याला टेकू द्यायचा.’ इतकी वर्षं मी हात स्थिर करायच्या मागे होते; टेकू द्यायचं कधी सुचलंच नव्हतं.

बाकीचंही सगळं करतेय. चिमटा जितका जोरात दाबाल तितकी टोकं एकमेकांवरून सरकतात आणि भाग उडतो, हे आता बोटांना कळलंय. क्रोमवर ओरखडे पडू नयेत म्हणून टोकांना टेपचा तुकडा लावते. अगदी बारीक भाग चिमट्याने धरतच नाही, टूथपिकच्या टोकाला मेण लावून नुसता टिपते. सुईच्या नेढ्याचं वरचं टोक कानशीने घासून दोन शिंगं काढायची तुमची युक्ती तर अफलातून! त्या शिंगांत गोंदाचा मोहरीएवढासुद्धा नाही, त्याहून लहान थेंब राहतो आणि टेकवला की सांध्यात उतरतो. पूर्वी मी बाटलीच थेट लावत होते. त्यात दोन बोटं आणि एक आरसा कायमचे एक व्हायची वेळ आली होती.

तुम्हाला एक गोष्ट मीही सांगते. मॉडेलचे भाग जोडायला जो पातळ ‘प्लॅस्टिक सिमेंट’ मिळतो तो गोंद नव्हे, तो प्लॅस्टिकच विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे रंगावर किंवा मुलाम्यावर तो धरत नाही, सांध्यापुरता मुलामा आधी खरवडावा लागतो. मूठ दोनदा गळून पडली तेव्हा कळलं.

सोन्या मारुती चौकातल्या सोनारकाम करणाऱ्या कारागिरांसारखं मांडीवर कापड पसरून त्याची कड टेबलाला लावा म्हणालात, तेही केलं. आता उडालेलं सगळं मांडीतच पडतं. फक्त पंखा बंद ठेवावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय कोथरूडच्या वरच्या मजल्यावर बसणं काय असतं, ते मी लिहीत नाही.

गाडी पूर्ण झाली. डावा आरसा किंचित वाकडा आहे, तुमच्या नजरेतून सुटणार नाही. ‘आधी हा वापरून बघा, मग विकत घ्या’ म्हणून दिलेला, टोकं घासून जुळवलेला तुमचा चिमटा तीन महिने माझ्याकडेच आहे. शनिवारी गाडी आणि चिमटा दोन्ही घेऊन येते. चारनंतर.

आपली,
दाराच्या मुठीवाली