अँटिबॉडीची परीक्षा आपल्याच प्रयोगशाळेत व्हावी

संपादक महोदय,

सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधनाच्या खर्चाची चर्चा बहुधा महागड्या उपकरणांभोवतीच फिरते. परंतु प्रथिनांविषयीचे कितीतरी निष्कर्ष ज्या 100 मायक्रोलिटरच्या कुपीवर उभे असतात, तिची चौकशी फारशी कोणी करत नाही. ही कुपी अनेकदा सशापासून मिळवलेल्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते नमुन्यात ओळखून देणाऱ्या रेणूंच्या मिश्रणाची असते.

हवे ते प्रथिन किंवा त्याचा छोटा तुकडा सशाला ठरावीक अंतराने टोचतात आणि पुढे त्याच्या सीरममधून त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी वेगळ्या काढतात. हे अनेक अँटिबॉडींचे मिश्रण प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटत असल्याने थोडेसे प्रथिनही हाती लागते, शिवाय ते तयार करणे तुलनेने स्वस्त पडते. त्यामुळे त्याला सरसकट टाकाऊ ठरवणे मला पटत नाही. अडचण अशी, की दोन सशांचा प्रतिसाद तंतोतंत सारखा नसतो आणि ससा मेला की नेमके तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. कॅटलॉग क्रमांक तोच राहतो, लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, मात्र बदललेला असतो.

वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत नमुन्यातील प्रथिने वजनानुसार वेगळी करून त्यांवर अँटिबॉडी सोडतात; ती जिथे चिकटते तिथे रेघ, म्हणजे बँड, उमटतो. कंपनीच्या माहितीपत्रकावर एकच ठळक बँड दिसतो. आपल्या वेस्टर्न ब्लॉटवर तीन-चार उमटतात. मग अपेक्षित वजनाच्या बँडभोवतीची पट्टी कापून ती प्रबंधात लावली जाते आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहते. तो बँड खरोखर त्याच प्रथिनाचा आहे का, हे तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यांच्यातून त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकले आहे अशा नॉकआउट पेशी शेजारच्या रांगेत चालवणे. तिथेही बँड दिसला, तर तो आपल्या प्रथिनाचा नव्हे.

ही शंका केवळ कागदोपत्री नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात अभ्यासल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा या प्रथिनासाठीच्या 13 अँटिबॉडी 2017 मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा एकच पुरेशी विश्वासार्ह ठरली. मॉन्ट्रियलच्या संशोधकांच्या पुढाकाराने 65 प्रथिनांसाठीच्या 614 अँटिबॉडींची चाचणी झाली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक अँटिबॉडी किमान एका उपयोगात नापास झाल्या आणि प्रयोगशाळेत जनुकावरून घडवलेल्या रिकॉम्बिनंट अँटिबॉडी सरासरीने सरस ठरल्या.

तेव्हा विद्यापीठांनी प्रबंधात अँटिबॉडीचा कॅटलॉग व लॉट क्रमांक आणि न कापलेला संपूर्ण ब्लॉट सक्तीचा करावा, तर निधी देणाऱ्या संस्थांनी या पडताळणीसाठी वेगळी तरतूद मंजूर करावी. नॉकआउट पेशी प्रत्येक छोट्या महाविद्यालयाला परवडणार नाहीत, हे मान्य. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातातच; त्याच व्यवस्थेत नेहमी अभ्यासल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या नॉकआउट पेशींचा संग्रह करून त्या माफक दरात देता येतील का, याचा संबंधितांनी विचार करावा, अशी विनंती आहे.

आपला,
जीवशास्त्राचा एक संशोधक, पुणे