कप्पीवाल्यांचे आभार

निफाडकडच्या शिवाररस्त्यावर अवकाळीच्या चिखलात ॲक्सलपर्यंत रुतलेला द्राक्षांचा ट्रक एकही हिसका न देता बाहेर काढणाऱ्या आणि नाव न सांगता निघून गेलेल्या मंडळींचे मनापासून आभार.

आधी त्यांनी फावडी चालवली. काळी माती चाकाला चिकटून ओढते. चाकांपुढे उतार खणून ती पकड सोडवली नाही, तर निम्मी ताकद तिथेच जाते. मग कप्पी ट्रकच्या चेसिसला बांधली, झाडाला नाही. झाडावरची कप्पी दोराची फक्त दिशा बदलते. गाडीवरची कप्पी ओढ दुप्पट करते. बदल्यात ट्रक १० फूट सरकायला २० फूट वायररोप (पोलादी तारांचा दोर) ओढावा लागतो. दोराचे दोन्ही पदर जवळजवळ समांतर हवेत. ते १२० अंशांपर्यंत फाकले, की कप्पी असून नसल्यासारखीच.

दोराचं एक टोक बाभळीच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत, खाली गोणपाट घालून. दुमडलेलं टोक दोराला आवळून धरणाऱ्या क्लिपा तीन, आणि तिन्हींचा यू-बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकाकडे! उलटा लावला तर तो भार पेलणारा पदरच चेपतो. एकदा ताण दिल्यावर नट पुन्हा आवळले, तेही ताण सैल करून. वायररोपवर मधोमध ओल्या मातीचं पोतं टाकलं, म्हणजे तुटलाच तर चाबकासारखा उडणार नाही. बघ्यांना दोराच्या लांबीइतकं मागे पिटाळणाऱ्या आजोबांचे वेगळे आभार. त्यांच्या शिव्यांसकट.

एक शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) इथेच राहिलंय. घेऊन जा.