सरकारची सुट्टी, आमची फर्स्ट शिफ्ट

संपादक साहेब, सरकारने सुट्टी जाहीर केली की चाळीतले विचारतात काय मग उद्या आराम ना, आता त्यांना काय सांगणार. 22 जानेवारी 2024 ला, अयोध्येच्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेला, समोरच्या बँकेचं शटर खाली आणि आम्ही सकाळी सातला पंचिंग मशीनपुढे लाइनीत, लतादीदी गेल्या तेव्हा 7 फेब्रुवारी 2022 ला पण हेच. ही सुट्टी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (म्हणजे चेक-हुंडीच्या) कायद्याखाली निघते म्हणजे बँका, सरकारी ऑफिसं वगैरे, खासगी कारखान्याला ती आपोआप लागू होत नाही हे मला युनियनमध्ये पंधरा वर्षं काढून तेव्हा कळलं (लाज वाटली खरं). आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये सुट्ट्यांची नावं एकेक करून लिहिलीयेत, पाडवा, दसरा, अनंत चतुर्दशी, मग नवीन सुट्टी बसणार कुठे? दुकानं-ऑफिसवाल्यांना महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने आठ पगारी सुट्ट्या आहेत पण त्यातल्याही चार मालकाशी ठरवूनच. आमचे पुढारी बोनसवर टेबल बडवतात, सुट्ट्यांच्या या एका ओळीवर कोणी बोलत नाही. पुढच्या मागणीपत्रात 'सरकार ऐनवेळी जाहीर करेल ती सुट्टी पगारी, कामावर बोलावलं तर डबल पगार नाहीतर बदली सुट्टी' एवढं टाका म्हणून सेक्रेटरींना लिहून दिलंय, बघू.

एक कामगार, अंधेरी पूर्व, मुंबई