गेमच्या व्हिलनमागेही चित्रकार असतो

संपादक साहेब, नमस्कार,

मुलं गेम खेळून बिघडतात अशी पत्रं नेहमी छापून येतात पण त्या गेममागच्या चित्रकलेबद्दल कोणीच लिहीत नाही. मारियो या व्हिडिओ गेममधला खलनायक बाउझरच घ्या ना. १९८५ च्या सुपर मारियो ब्रदर्ससाठी हा गेम बनवणाऱ्या शिगेरु मियामोटो यांच्या डोक्यात आधी बैल होता, एका जुन्या ॲनिमेशनमधल्या बैलराजासारखा, मग सहकारी ताकाशी तेझुका म्हणाले की हा तर कासवासारखा दिसतोय, आणि नंतर योइची कोताबे या ॲनिमेशनवाल्या कलाकाराने त्याला आजचं रूप दिलं. आणि गेममधली डोकॅलिटी बघा, पहिल्या ७ किल्ल्यांत नकली बाउझर बसवलेत, आगीचे गोळे मारून संपवला की आतला भलताच शत्रू उघडा पडतो, खरा एकदम ८व्या जगाच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या, अखेरीस! पुढे १९९२ मध्ये तोच मारियोबरोबर गाडीची रेस लावतो, १९९६ मध्ये चक्क त्याच्या बाजूने लढतो. इतका जीव असलेला खलनायक घडवणं ही कलाच आहे हो.

आपलं इंदूर चित्रकला शिकवणाऱ्या देवळालीकर मास्तरांचं, चित्रकार बेंद्रे-हुसेन इथेच शिकले. तेव्हा इथल्या मराठी मंडळांनी यंदा गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेत 'माझा व्हिलन' हा विषय ठेवावा आणि तुम्ही त्यातली चांगली चित्रं रविवारच्या पुरवणीत छापावीत, ही मनापासून विनंती.

एक वाचक, इंदूर