चिप घेणारे गिऱ्हाईक किती, तेही छापा

संपादक महोदय,

संपर्क-चिप (फोन व नेटवर्क यांच्यात डेटाची ने-आण करणाऱ्या चिप) बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या आणि दहा वर्षे विसरून जा, असा सल्ला आपल्या अर्थविषयक पानावर वाचला. कारण एकच दिले आहे : डेटाचा वापर वाढतच जाणार. तो वाढणार, यात वाद नाही. पण त्यामुळे भागधारकाचे भले होईलच, हे मला पटत नाही. माझी नोकरी रेडिओ सर्किटच्या चाचणीत गेली आणि निवृत्तीनंतर कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचा नाद लागला, म्हणून हे पत्र.

मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचेच घ्या. १९९९ या एका वर्षात हा शेअर पंचवीस पटींहून जास्त झाला. जानेवारी २००० चा उच्चांक ओलांडायला मात्र २०२० साल उजाडले. मधल्या काळात थ्रीजी आले, फोरजी आले, घरोघरी स्मार्टफोन पोचले. म्हणजे भाकीत खरे ठरले, तरी ऐन तेजीत शेअर घेतलेल्याच्या पदरी वीस वर्षांत लाभांशाखेरीज काही पडले नाही. भाव काय मोजला, याला एवढे महत्त्व असते. आपल्या लेखात भावाचा उल्लेखही नाही.

दुसरा मुद्दा गिऱ्हाइकाचा. फोनच्या बोर्डावरचे पत्र्याचे झाकण काढले की मोडेम (डेटाचे रेडिओ संदेशात रूपांतर करणारी चिप) आणि अँटेना यांच्या मधल्या जागेत फिल्टर व संदेशाला जोर देणारे पॉवर ॲम्प्लिफायर दाटीवाटीने बसवलेले दिसतात. बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, वाढले की ते वेगळे करणारे फिल्टर वाढतात, म्हणून असे भाग बनवणाऱ्या स्कायवर्क्ससारख्या कंपनीची भरभराट ठरलेली, असे वाटते. अहवाल उघडला की कळते, निम्म्याहून जास्त विक्री एकट्या ॲपलला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुढच्या आयफोनमधला आपला वाटा घटणार असे स्कायवर्क्सने सांगितले आणि तिचा शेअर एका दिवसात सुमारे पंचवीस टक्के पडला. त्याच महिन्यात ॲपलने आयफोन १६ईमध्ये क्वालकॉमच्या मोडेमऐवजी स्वतःचा सी-वन मोडेम बसवला. इंटेलचा मोडेम विभाग घेण्याचा एक अब्ज डॉलरचा सौदा ॲपलने २०१९ मध्येच केला होता. क्वालकॉमला निदान पेटंटच्या रॉयल्टीचा आधार आहे, नुसते फिल्टर विकणाऱ्याला तोही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कायवर्क्स आणि तशीच फिल्टर बनवणारी क्वोर्व्हो यांनी विलीनीकरण जाहीर केले. दोघींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एकच, तेव्हा एकत्र येऊन घासाघीस करायला थोडे बळ येईल, इतकेच.

ब्रॉडकॉम आणि मार्व्हेल या चिप-कंपन्यांचा सध्याचा जोर डेटा सेंटरवर आहे, पण तिथेही खरेदीदार मोजकेच आणि बलाढ्य.

एकाच ग्राहकाकडून दहा टक्के किंवा त्याहून जास्त महसूल येत असेल, तर अमेरिकी कंपन्यांना ते अहवालात सांगावे लागते. शिफारशीच्या चौकटीत आपण बाजारभाव आणि लक्ष्य-भाव छापता. त्यात या आकड्यासाठीही एक रकाना ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेडिओ अभियंता