परतणाऱ्या पाखरांच्या नोंदी

भांडुप, मुंबई
एप्रिलचा तिसरा आठवडा

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नाशिककडच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवरची तलवार बदके आणि थापटे ही हिवाळी पाहुणी बदके निघून गेल्याचे तू लिहिलेस, म्हणून इकडचेही सविस्तर कळवावेसे वाटले.

आमच्या ठाणे खाडीवर सध्या हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची निघण्याची तयारी चालू आहे. हिवाळाभर राखाडी दिसणारे बाकचोच तुतवार आता विटेसारखे तांबडे झाले आहेत, मालगुज्यांच्या मानेवर नारिंगी छटा चढली आहे आणि मागे राहिलेल्या कुरवांची डोकी गडद झाली आहेत. सैबेरियाच्या उत्तर टोकाला उन्हाळा फार थोडा असल्यामुळे तुतवार विणीचा पेहराव इथूनच चढवू लागतात, आणि ओहोटीच्या चिखलातले किडे, अळ्या, शिंपले खाऊन अंगावर चरबी साठवतात. पुढच्या हजारो किलोमीटरच्या उड्डाणाची शिदोरी तीच. म्हणूनच छायाचित्रासाठी या दिवसांत कोणी थवा उठवला, तर मला मनापासून वाईट वाटते.

सावर आणि पळस फुलले होते तेव्हा भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, केवढा कल्लोळ होता! आता तुरळक थवे उरले आहेत. बाकीच्या मध्य आशियाच्या वाटेला लागल्या असतील, कारण तिथे टोळ-नाकतोडे मुबलक झाले की त्यांची वीण साधते.

मला विशेष लिहायचे आहे ते नोंदींविषयी. पक्षी पहिल्यांदा आला की प्रत्येक जण आनंदाने इतरांना कळवतो, परंतु तो शेवटचा केव्हा दिसला हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. पुढचे कित्येक दिवस कोणीतरी तिथे जाऊन ‘आज नाही’ असे लिहिले, तरच ती तारीख हाती लागते. आमच्याकडे ‘नाही’ लिहिणारे फार थोडे. त्यात भरती-ओहोटीचा उल्लेख नसेल तर नोंदीचा उपयोग आणखी कमी होतो, कारण भरतीला शिवडीचा चिखल पाण्याखाली जातो आणि तिथले पक्षी खाडीपलीकडे नवी मुंबईच्या पाणथळींवर जाऊन बसतात. शिवडीकर ‘सगळे गेले’ म्हणतात, त्याच सकाळी नेरुळकर ‘भरपूर आहेत’ म्हणतात, आणि दोघेही खरेच सांगत असतात. २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला, हे उत्तमच झाले. परंतु पक्ष्यांना हद्दीबाहेरची ही भरतीची तळीही तितकीच लागतात, आणि ते दाखवून द्यायला दोन्ही काठांच्या एकाच वेळच्या नोंदी हव्यात.

रोहित अजून बरेच आहेत. मे महिन्यात नवरंग पक्षी येऊ लागेल. रात्रीच्या प्रवासाने थकलेला एखादा इमारतीच्या जिन्यातही सापडतो.

तुझ्या वहीतली पिवळा धोबी या पक्ष्याची शेवटची तारीख मला हवी आहे, आणि त्यानंतर तू तिथे गेलास पण तो दिसला नाही, अशा दिवसांच्याही तारखा पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव