सूचना : ट्रान्सपॉन्डर चालू करूनच निघा

लॉस एंजेलिस परिसरात छोटी विमानं उडवणाऱ्या आपल्या सर्व मराठी सदस्यांना विनंती.

मागच्या शनिवारी माझा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या विचारणेला विमानातून आपोआप उत्तर देणारं यंत्र, स्टँडबायवरच (चालू, पण गप्प) राहिला होता. उड्डाणानंतर टॉवरने विचारलं तेव्हा लक्षात आलं. हात अक्षरशः गार पडले. प्रवासी विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, म्हणजे टीकास, आपल्या ट्रान्सपॉन्डरच्या उत्तरावरच चालते. तो गप्प असेल तर त्यांच्या पडद्यावर आपण नसतोच.

31 ऑगस्ट 1986 ला लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटॉस शहरावर हवा स्वच्छ होती. टॉरन्सहून निघालेलं पायपर हे छोटं विमान परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरलं, त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची कळवत नव्हता, आणि ते एरोमेक्सिकोच्या डीसी-9 या प्रवासी विमानाला धडकलं. 82 जण गेले. त्यातले 15 तर खाली जमिनीवर होते.

तेव्हा धावपट्टीवर जाण्याआधी ट्रान्सपॉन्डरचा नॉब ‘एएलटी’वर (उंचीही कळवणाऱ्या खुणेवर) आहे ना, बोट लावून बघा. क्लास बी हद्दीत, म्हणजे मोठ्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हद्दीत, कंट्रोलरचा ‘क्लीअर्ड’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय शिरू नका. आणि काचेत एखादा ठिपका जागचा न हलता नुसताच मोठा होताना दिसला, तर तो आपल्याच अंगावर येतोय. लगेच वळा.